दार आपल्या हातात आहे

कुत्र्याला दार उघडता येत नाही. डब्याचं झाकण काढता येत नाही, नळ सोडता येत नाही, आणि पोटात कळ आली तर उठून मोकळं होऊन येता येत नाही. भूक, तहान आणि शी-शू या कुठल्याही जिवाच्या अगदी स्वतःच्या गोष्टी. घरातल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र त्यांची वेळ दुसरं कुणीतरी ठरवतं, आणि ते दुसरं कुणीतरी म्हणजे आपण. वेळापत्रकाचा विषय निघाला की बहुतेक जण शिस्तीबद्दल बोलतात. त्याला सवय लावायला हवी, वळण लावायला हवं, असं म्हणतात. माझ्या कुत्रीसोबत, चिंगीसोबत, राहायला लागल्यापासून मला हे सगळं उलट्या बाजूने दिसतं. तिला वेळेवर बाहेर जायचंच असतं. दाराशी वेळेवर हजर राहायचं असतं ते मला.

चिंगी लहान चणीची आहे, साडेचार किलोच्या आसपासची. लहान कुत्र्याबद्दल एक मोठा गैरसमज असा की मोठ्या कुत्र्याला जे लागतं तेच याला थोडं थोडं द्यायचं, झालं. तसं नसतं. प्राण्याच्या शरीराची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही, वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताच्या हिशेबाने वाढते, हे मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवून दिलं. पशुवैद्य आजही त्याच धाग्यावरचं सूत्र वापरतात. चार किलोच्या कुत्र्याला नुसतं विश्रांती घेत पडून राहायला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात आणि चाळीस किलोच्या कुत्र्याला ११०० च्या थोड्या वर. वजन दहापट, पण गरज साडेपाच पट. म्हणजे किलोमागे पाहिलं तर छोटं कुत्रं मोठ्याच्या जवळजवळ पावणेदोन पट ऊर्जा जाळत असतं. भट्टी जोरात पेटलेली आणि लाकडं ठेवायला जागा मात्र एवढीशी. खायच्या, फिरायच्या आणि शी-शूच्या सगळ्या वेळा इथून ठरतात.

पिल्लू असताना हे फार जपावं लागतं. अगदी छोट्या जातींच्या पिल्लांच्या यकृतात साखरेचा साठा फारच कमी असतो. जेवणात मोठा खंड पडला, थंडी वाजली किंवा खेळून खेळून थकलं, की त्यांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते. पिल्लू मलूल होतं, पाय लटपटतात, अंग थरथरतं, आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर झटकेही येतात. अशा वेळी शुद्धीत असलेल्या पिल्लाच्या हिरड्यांना साखरेचं घट्ट पाणी चोळायचं आणि तडक डॉक्टरांकडे निघायचं. म्हणून तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि नंतर दोन वेळा खाणं, असा साधारण क्रम असतो. काही अगदी चिमुकल्या कुत्र्यांना मोठेपणीही तीन वेळा थोडं थोडं खाणं मानवतं. सकाळी उपाशी पोटी पिवळसर फेस ओकणाऱ्या कुत्र्याला रात्री झोपताना चार घास दिले की पुष्कळदा ते थांबतं, तेवढं करून पाहायला हरकत नसते. तरीही थांबलं नाही तर तपासून घ्यायचं.

दिवसभर भरलेलं भांडं ठेवून द्यायची पद्धत मला मुळीच पटत नाही. ‘लागेल तसं खाईल’ हे ऐकायला उदार वाटतं, पण त्याने दोन गोष्टी आपल्या हातून जातात. कुत्र्याने किती खाल्लं हे कळत नाही, आणि कधी खाल्लं हेही कळत नाही. कधी खाल्लं हे माहीत नसलं की शी कधी लागणार हे कसं कळणार? खाणं समोर ठेवावं, पंधरा-वीस मिनिटं द्यावीत, आणि उरलेलं उचलावं. पाणी मात्र कायम, स्वच्छ आणि भरपूर. कुत्र्याला किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात आणि कोरड्या खाण्यावर थोडं जास्तच. ‘घाण करते म्हणून संध्याकाळी पाण्याचं भांडं उचलून ठेवतो’ असं कुणी सांगितलं की मला फार वाईट वाटतं. लघवी कमी व्हावी म्हणून तहान दाबणं हा उपाय असूच शकत नाही. बाहेर न्यायच्या फेऱ्या वाढवायच्या असतात.

खाणं मोजायला आमच्याकडे स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आहे. वाटीने किंवा मुठीने मोजलेलं खाणं रोज थोडं पुढे-मागे होतं, आणि मोठ्या कुत्र्याला त्याने फरक पडत नाही. चिंगीला पडतो. नसबंदी झालेल्या साडेचार किलोच्या, पूर्ण वाढ झालेल्या कुत्रीची दिवसाची गरज ३५० किलोकॅलरींच्या आत-बाहेर असते. कोरड्या खाण्याच्या एका ग्रॅममध्ये साधारण साडेतीन किलोकॅलरी धरल्या, तर रोज दहा ग्रॅम जास्त म्हणजे दिवसाच्या कोट्याचा दहावा हिस्सा वर गेला. दहा ग्रॅम म्हणजे तळहातावर किती, ते एकदा काट्यावर ठेवून बघावं. तळहातसुद्धा झाकला जात नाही. शिकवताना दिला जाणारा खाऊही याच कोट्यातून वळता करायचा, आणि सगळा मिळून दहा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. मी खाऊचे तुकडे मुगाच्या दाण्याएवढे करते. तिला तुकड्याच्या आकाराशी देणंघेणं नसतं. मिळाला, लगेच मिळाला, हे तिला पुरतं. वजन ठीक आहे का, हे बघायला डोळ्यांपेक्षा बोटं बरी. बरगड्यांवरून हलका हात फिरवला की त्या पातळ थराखाली सहज लागायला हव्यात, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी. केसाळ कुत्र्यात हे नुसतं बघून समजत नाही, हात लावावाच लागतो.

खाणं ठरलेल्या वेळी दिलं की शरीर स्वतः वेळ मोजायला लागतं. इव्हान पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं नाव घेतलं की घंटा ऐकून लाळ गाळणारं कुत्रं आठवतं, पण त्याला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. त्याच्या प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. कुत्र्याला ठरावीक अंतराने, समजा दर अर्ध्या तासाने, खाणं देत राहिलं आणि मग एखाद्या वेळी दिलं नाही, तरी साधारण त्याच सुमाराला त्याच्या तोंडात लाळ जमायला लागायची. ना घंटेचा आवाज, ना पावलांचा, नुसती वेळ झाली म्हणून. नियमित खाणाऱ्या कुत्र्याचं पोट घास यायच्या आधीच तयार होऊन बसलेलं असतं. चिंगी संध्याकाळी खायच्या आधी येऊन बसते ती हट्ट म्हणून बसत नाही. तिच्या आत काहीतरी सुरू झालेलं असतं. हे समजल्यावर तिला ‘थांब गं, किती घाई’ म्हणून उगाच ताटकळत ठेवायला माझा हात धजत नाही.

आता शी-शू. नवीन पिल्लू आणलेल्या प्रत्येक घरात सगळ्यात जास्त रडारड याचीच असते, म्हणून इथे जरा थांबते.

पिल्लू जन्मल्यावर पहिले काही आठवडे त्याला स्वतःहून शी-शूसुद्धा करता येत नाही. आई चाटते, मग होते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून ती धडपडत झोपायच्या जागेपासून दूर जाऊन करायला लागतात. म्हणजे झोपतो तिथे घाण करायची नाही, हे आपण शिकवायच्या आधीच त्यांच्यात असतं. पुढे आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास पायाखाली काय लागतं यावरून जागा ठरायला लागते: गवत, माती, कागद, फरशी, जे असेल ते. नेमक्या याच वयात पिल्लू आपल्या घरी येतं. त्या दिवसांत त्याच्या पायाखाली आपण जे देऊ, ते त्याच्या मनात ‘इथे करायचं’ म्हणून बसतं. यासाठीच घरात शी-शूसाठी पसरतात त्या पॅडबद्दल मी जरा सावध असते. उंच इमारतीत राहणाऱ्या, लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू असलेल्या किंवा स्वतः चालता-फिरता न येणाऱ्या माणसाला पॅड हा मोठा आधार आहे, त्यात काही वावगं नाही. पण पॅड पिल्लाच्या पंजाला मऊ, सपाट, कापडासारखं लागतं, आणि पायपुसणं किंवा गालिचाही तसाच लागतो. बाहेरच न्यायचं असेल तर पॅडचा टप्पा शक्य तितका छोटा ठेवावा. पॅडच ठेवायचं असेल तर जागा बदलू नये आणि घरातले गालिचे काही महिने गुंडाळून ठेवावेत. दोन्हींपैकी काय ते घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदाच ठरवावं. आज पॅड, उद्या बाहेर, परवा बाल्कनी, यात गोंधळतं ते पिल्लू आणि बोलणी खातं तेही तेच.

किती वेळ धरून ठेवता येतं याचा एक ढोबळ हिशेब सांगतात: वयाचे जितके महिने त्यात एक मिळवायचा, तितके तास. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. पण हा हिशेब वरच्या टोकाचा आहे आणि जागेपणी, खेळताना तो लागू पडत नाही. छोट्या जातीच्या पिल्लाचं मूत्राशयही छोटं, त्यामुळे मी तर म्हणेन की दिवसा दर तासाला न्यावं. शिवाय काही वेळा ठरलेल्याच असतात, त्या चुकवायच्याच नाहीत. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर, जोरात खेळून झाल्यावर, आणि रात्री झोपायच्या आधी. खाल्ल्यावर का, याचंही कारण आहे. जठरात अन्न उतरलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो. पिल्लांमध्ये हा इशारा फार जोरात असतो, म्हणून खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत शी होतेच होते. एखाद्या पिल्लाला दहा मिनिटं लागतात, एखाद्याला पंचवीस. चार-पाच दिवस कागदावर वेळा टिपल्या की आपल्या पिल्लाचा आकडा सापडतो, आणि एकदा तो सापडला की अर्धी लढाई तिथेच संपते.

मग राहतात ते इशारे. चिंगीचे मला आता पाठ आहेत. खेळता खेळता ती एकदम थांबते, खेळणं तोंडातून सुटतं. नाक जमिनीला टेकतं, पण नेहमीच्या हुंगण्यासारखं लांब लांब नाही, एकाच जागेभोवती आखूड आखूड. शेपटीचं मूळ किंचित वर उचललं जातं आणि मागचे पाय जवळ यायला लागतात. नंतर गोल फिरणं. गोल फिरायला लागलं की आपल्याकडे काही क्षणच उरलेले असतात. मोठ्या कुत्र्याची हीच हालचाल सगळ्या खोलीला दिसते. छोट्याची टेबलाखाली, खुर्चीच्या पायांमध्ये उरकून जाते. लहान कुत्री ‘शिकत नाहीत’ असं सर्रास म्हटलं जातं, आणि मोठ्या कुत्र्यांच्या मानाने ती घरात जास्त वेळा करतात हे खरंही आहे. पण माझ्या मते त्याचं मोठं कारण माणसांच्या बाजूला आहे. थारोळं चमचाभर असतं, शी बोटाच्या पेराएवढी. कागदाने उचललं, पुसलं, ‘जाऊ दे, एवढंसं तर आहे’. चाळीस किलोच्या कुत्र्याने दिवाणखान्यात केलं असतं तर घरातल्या सगळ्यांनी कामं सोडून वेळा पाळल्या असत्या. छोट्यालाही तेवढंच शिकायचं असतं आणि त्यालाही तेवढ्याच वेळा बाहेर नेणारं माणूस लागतं.

रागवायचं अजिबात नाही. नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवणं, ओरडणं, हे सगळे प्रकार मला क्रूर वाटतात, आणि त्यांचा उपयोगही होत नाही. ‘घरात करायचं नाही’ हे पिल्लाला त्यातून कळत नाही. माणसासमोर करायचं नाही, एवढंच कळतं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि वाईट म्हणजे बाहेर नेल्यावर पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आपण असतो म्हणून तिथेही करत नाही. घरी येतं आणि कोपरा गाठतं. लोक त्याला ‘मुद्दाम करतं’ म्हणतात. बिचारं घाबरलेलं असतं. सुरू असताना दिसलं तर न ओरडता उचलून बाहेर न्यावं. नंतर दिसलं तर गप्प पुसावं. पुसायला एन्झाइम असलेला क्लीनर घ्यावा, कारण साध्या साबणाने आपल्या नाकाला वास येत नाही, त्याच्या नाकाला येतोच. अमोनिया असलेला क्लीनर तर नकोच, लघवीच्या वासाशी त्याचं फार जवळचं नातं आहे.

शाबासकी मात्र जागच्या जागी हवी. घरात येऊन खाऊ दिला तर पिल्लाच्या लेखी तो घरात आल्याबद्दल असतो. शी-शू संपली की त्या दोन-तीन सेकंदांत, तिथेच वाकून, मूगभर खाऊ द्यायचा. करत असताना हळू आवाजात एखादा ठरलेला शब्द म्हणत राहावा. पुढे तोच शब्द पावसात, प्रवासात, डॉक्टरांच्या दारात कामाला येतो. आणि शू झाल्या झाल्या पट्टा ओढून परत फिरायचं नाही. तसं केलं तर हुशार पिल्लू काय शिकेल? शू केली की मजा संपते, म्हणून शेवटपर्यंत धरून ठेवायची. आधी शू, मग खरं फिरणं, हा क्रम त्याच्या फायद्याचा असला की ते आपणहून लवकर उरकतं.

क्रम हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. वेळापत्रक म्हटलं की माणसं घड्याळ बघायला लागतात आणि एखाद्या दिवशी अर्धा तास इकडे-तिकडे झाला की हवालदिल होतात. पूर्ण वाढ झालेल्या, निरोगी कुत्र्याला अर्धा-पाऊण तास पुढे-मागे चालतो. त्याला धरून राहायला लागतं ते कशानंतर काय येतं हे. उठणं, बाहेर, खाणं, परत थोडं बाहेर, झोप. संध्याकाळी फिरणं, खाणं, माणसांमध्ये लोळणं, रात्रीची शेवटची फेरी, झोप. सुट्टीच्या दिवशी हीच साखळी उशिरा सुरू झाली तरी तुटत नाही. उलट घड्याळ काटेकोर आणि क्रम रोज वेगळा असेल, तर कुत्रं सारखं आपल्या मागे मागे फिरतं, कारण पुढे काय येणार याचा त्याला पत्ता नसतो. अर्थात या सैलपणालाही मर्यादा आहे. पूर्ण वाढ झालेलं कुत्रं दिवसातून तीन ते पाच वेळा शू करतं, एक ते तीन वेळा शी. आठ-दहा तास बंद घरात धरून बसू शकतं म्हणून बसवावं असा त्याचा अर्थ होत नाही. नोकरीवर जाणाऱ्यांनी दुपारची एक फेरी करणारं कुणीतरी शोधावंच. शेजारचं माणूस असो, पैसे घेऊन फिरवणारं असो, पण दुपारी दार उघडलं पाहिजे.

फिरणं म्हणजे शी-शूची फेरी नव्हे. छोटं कुत्रं घरातल्या घरात पळूनही दमतं, त्यामुळे त्याला बाहेर न्यायची गरज नाही, असा एक समज आहे. पाय दमतात, खरं आहे. नाकाचं काय? कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी वीस-तीस कोटींच्या घरात असतात, आपल्या नाकात पन्नास-साठ लाख. घरातले सगळे वास त्याने वाचून संपवलेले असतात. रोज नवीन असतं ते बाहेर, खांबाच्या बुडाशी, कुंपणाच्या कोपऱ्यावर, ओल्या पानांखाली. चिंगी एखाद्या जागेपाशी थांबते तेव्हा मी पट्टा सैल सोडते आणि उभी राहते. आधी ती वरवर हुंगते, मग नाकपुड्यांच्या कडा फडफडायला लागतात, श्वास छोटे आणि भराभर होतात, मध्येच डोकं वर करून एकदा वाऱ्याकडे बघते आणि पुन्हा तिथेच जाते. एका गवताच्या पात्याला ती मुळापासून टोकापर्यंत हुंगत जाते आणि टोकाशी पोचल्यावर जीभ अलगद लावते. हे चालू असताना ‘चल, चल’ करून ओढणारी माणसं पाहिली की मला कसंसंच होतं. दिवसभरातला हा एवढाच वेळ तिच्या मर्जीचा. वीस मिनिटांच्या फिरण्यात तिने दोनच इमारती ओलांडल्या तरी ते फिरणं पुरेपूर झालेलं असतं.

मोठ्या झालेल्या छोट्या कुत्र्याला दिवसातून दोनदा वीस ते तीस मिनिटं साधारण पुरतात. पण त्याच्या आणि आपल्या उंचीतला फरक लक्षात ठेवावा. आपल्या तोंडावर येतं ते ऊन त्याला वरून येतं आणि खालून तापलेल्या रस्त्याचंही येतं, कारण पोट जमिनीपासून वीतभरच वर. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून धरावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याचे तळवेही भाजणार. उन्हाळ्यात पहाट आणि रात्र, एवढ्याच वेळा खऱ्या. थंडी-पावसात उलट अडचण. लहान शरीराची उष्णता भराभर निघून जाते आणि खालचं पोट लगेच भिजतं, म्हणून पुष्कळशी छोटी कुत्री पाऊस दिसला की दारातच पाय रोवतात. हट्टी म्हणून त्यांना ओढू नये. छपराखालची एक जागा आधीपासून सवयीची करून ठेवावी, अंगावर काहीतरी घालावं, आणि परतल्यावर पोट व पंजे कोरडे करावेत. पट्टा गळ्यात नको, छातीवरून जाणारं हार्नेस हवं. छोट्या जातींमध्ये श्वासनलिकेच्या कड्या कमकुवत होऊन ती दबण्याचा आजार बराच दिसतो, आणि गळ्यावरचा प्रत्येक झटका तिथेच बसतो. लसीकरण पूर्ण व्हायच्या आधी अनोळखी कुत्री येतात तिथे पिल्लाला जमिनीवर सोडू नये, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूचा धोका खरा आहे. पण त्याच महिन्यांत जगाची ओळख व्हायला हवी असते, तेव्हा कडेवर घेऊन फिरवावं. तेवढी सोय छोट्या कुत्र्यात आहे.

आणखी एक फायदा मला फार उशिरापर्यंत कुणी सांगितला नव्हता. वेळा पाळल्या की आजार लवकर दिसतो. कुत्रं बोलून दाखवत नाही, दुखणं लपवतंही. पण रोज सकाळी पहिल्या फेरीत शी होते आणि आज झाली नाही, किंवा रोज घट्ट असते आणि आज पातळ आहे, हे त्याच दिवशी कळतं. खाण्याचं भांडं रोज पाच मिनिटांत रिकामं होतं आणि आज अर्धं राहिलं, हेही. छोट्या जातींचे दात लवकर खराब होतात, त्यामुळे अर्धं राहिलेलं भांडं कधीकधी पोटाचं नसून दाढेचं असतं. शू करायला वारंवार बसतं आणि थेंबभरच होते, जोर करावा लागतो, रक्त दिसतं, तर त्याच दिवशी डॉक्टर. अजिबातच होत नसेल तर त्याच तासाला. नीट शिकलेलं कुत्रं एकदम घरात करायला लागलं तर आधी ‘बिघडलं’ असं म्हणू नये, आधी तपासणी करावी. मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचं दुखणं, कुशिंगचा (कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त झाल्याने होणारा) आजार, यातलं कुठलंही असू शकतं, आणि यातल्या बहुतेकांची पहिली खूण पाण्याच्या भांड्यात आणि शूच्या फेऱ्यांमध्येच दिसते.

छोटी कुत्री पुष्कळ जगतात, बारा-पंधरा वर्षं सहज, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे एक दिवस वेळापत्रक पुन्हा पिल्लाच्या दिवसांकडे सरकणार हे नक्की. धरून ठेवायची ताकद कमी होते, दोन फेऱ्यांमधलं अंतर आखडतं. काहींची झोपेची घडी विसकटते, रात्री उठून घरात फिरतात, ओळखीच्या कोपऱ्यात अडकून उभी राहतात, दाराच्या उघडणाऱ्या बाजूऐवजी बिजागरीच्या बाजूला जाऊन थांबतात. म्हातारपणात मेंदूत होणाऱ्या बदलांची ही लक्षणं असू शकतात आणि त्यावर उपचारही असतात, म्हणून ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. जी माणसं पिल्लाला दर तासाला आनंदाने बाहेर नेतात, त्यांना म्हाताऱ्या कुत्र्याला दर तीन तासांनी न्यायचा कंटाळा येतो, हे मी पाहिलं आहे आणि मला ते सोसत नाही. त्याला लाजही वाटत असावी असं त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटतं, कारण वर्षानुवर्षं त्याने नीट पाळलेलं असतं. अशा वेळी दाराजवळ पॅड पसरून द्यावं, निसरड्या फरशीवर रबरी चटया टाकाव्यात, रात्रीचा एक दिवा चालू ठेवावा.

चिंगीही आता तरुण राहिलेली नाही. गेल्या काही आठवड्यांत रात्रीची शेवटची फेरी मी थोडी उशिरा नेते आणि सकाळची थोडी लवकर, कारण मधला वेळ तिला लांब वाटायला लागला आहे. पाणी किती पिते तेही मोजते. सकाळी भांड्यात मोजून भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं, मधला फरक वहीत लिहायचा. किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर पाणी जायला लागलं तर ते नक्कीच जास्त. अजून ती तिथे पोचलेली नाही, पण आकडा वर सरकतो आहे. डॉक्टरांशी बोलले. त्यांनी सकाळची पहिली शू आणायला सांगितली आहे, कारण रात्रभर साठलेली लघवी सगळ्यात दाट असते आणि मूत्रपिंडं पाणी नीट राखतात की नाही हे तिच्यातून चांगलं समजतं. ती जमिनीलगत बसते, त्यामुळे खाली वाटी धरता येत नाही. लांब दांड्याला उथळ झाकण बांधून ठेवलं आहे, ती बसली की मागून हळूच सरकवायचं. उद्या सकाळी करून बघणार.